बिघडलेल्या कंट्रोलची बैठक

ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तर सालातली. विषशास्त्र संशोधक मंडळाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती आणि सभासद होते बेचाळीस. नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत आणि वर डोंगराकडे विखुरलेली ही माणसं एकमेकांना वर्षातून दोनदाच भेटत, वसंतात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा. बाकी त्यांना बांधून ठेवी ते दर तीन महिन्यांनी येणारं परिपत्रक. सायक्लोस्टाइल केलेली चार पानं आणि डाव्या कोपऱ्यात एक टाचणी. पहिली तीन पानं कोण वाचत होतं कोणास ठाऊक, पण चौथं पान मात्र सगळे आधी उलटत. त्यावर मथळा असे, 'येत्या बैठका'. बैठक कुठे, कधी, कोण बोलणार, गोषवारा पाठवण्याची शेवटची तारीख कोणती, हे सगळं त्यावर असे. मुलीच्या लग्नाची तारीख चौथं पान बघून धरणारे सभासद त्या मंडळात होते.

ते पान टाइप करायची काचताई. ती मंडळाची कार्यवाह. सभासदांना पत्रं लिहायची, आलेले गोषवारे लावायची, बैठकीचं इतिवृत्त ठेवायची. तिचं खरं काम वेगळं. संस्थेच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या अवयवांचे कागदाहून पातळ काप काढायचे, ते रंगवायचे आणि काचपट्ट्यांवर चढवायचे, हे ती एकोणीस वर्षं करत होती. म्हणून काचताई. वय चव्वेचाळीस, लग्न केलेलं नाही, चष्मा जाड आणि स्वभाव त्याहून जाड, असं तिच्यामागे बोललं जाई. तिला ते ठाऊक होतं. चष्म्याबद्दलचं तिला पटत नसे एवढंच.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे सर. काचताई काप काढायला त्यांच्याच हाताखाली शिकली होती. मंडळ त्यांनी उभं केलं होतं आणि त्याला शिस्तही त्यांचीच होती. या लोकांचं काम साधारण असं असे: साठ उंदीर घ्यायचे. तिसांच्या अन्नात ज्याची परीक्षा घ्यायची ते औषध कालवायचं, उरलेल्या तिसांना साधं अन्न आणि साधं पाणी. हे साधे तीस म्हणजे कंट्रोल. दीड वर्षाने दोन्हींचे अवयव शेजारी शेजारी ठेवून बघायचे. साधे ठणठणीत आणि औषधवाले आजारी, तर औषध विषारी. पण साधेच आजारी निघाले, तर दीड वर्ष पाण्यात. मग त्या कामावरून काहीच म्हणता येत नाही. शिवाय साधे बिघडले याचा अर्थ माणूस गलथान. पिंजरे नीट धुतले नसतील, डबे अदलाबदल झाले असतील, औषधाचा हात साध्या अन्नाला लागला असेल. 'त्याचा कंट्रोल बिघडला' हे वाक्य त्या मंडळात एखाद्याच्या घरातली भानगड सांगावी तशा आवाजात सांगितलं जाई.

म्हणून सरांनी तीन नियम घालून दिले होते. बिघडलेल्या कंट्रोलचं काम बैठकीत वाचायचं नाही. असा गोषवारा परत जाईल, आणि तो परत गेला हे कार्यवाहाशिवाय कोणालाही कळता कामा नये, कारण माणसाची अब्रू असते. आणि बिघडलेल्या कामाच्या काचा त्याच दिवशी फोडायच्या, म्हणजे चांगल्या काचांत त्या कधी मिसळणार नाहीत. परतीचं पत्र काचताईने एकदा बसवून टाकलं होतं आणि ते कधी बदललं नाही: 'कंट्रोल गट दूषित असल्याने गोषवारा परत पाठवत आहे. काम पुन्हा करावे.' तिला हे वाक्य आवडायचं. त्यात उगाच एक शब्द नव्हता.

त्या वर्षी फेब्रुवारीत तिने स्वतःच्या प्रयोगाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. गवत मारायचं एक औषध होतं. औषधवाल्या उंदरांच्या मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या भिंती विरून गेल्या होत्या. ते अपेक्षितच होतं. मग तिने साध्यांची काच लावली. तिथेही तेच. थोडं कमी असेल, पण तेच. तिसांपैकी बावीस. तिने रंग बदलून पाहिले, काप पुन्हा काढले, पिंजऱ्यांची नोंदवही पहिल्या पानापासून वाचली. कुठे चूक झाली ते सापडेना. पण चूक तिचीच, याबद्दल तिला क्षणभरही शंका आली नाही. इतक्या लोकांना परतीचं पत्र धाडलेल्या बाईला शंका येणार तरी कशी. ती मोरीपाशी गेली, एकशे ऐंशी काचा पत्र्याच्या बादलीत घातल्या आणि हातोडीने फोडल्या. सरांना सांगितलं, उंदरांत साथ आली, काम सोडून दिलं. आयुष्यात ती सरांशी खोटं बोलली ते तेवढंच.

घरी तिघं जण राहत. काचताई, तिचा दादा आणि वहिनी. दादा छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि घरात बोलायचा कमी, जणू प्रत्येक शब्द कोणीतरी पुन्हा तपासणार आहे. बोलण्याचं सगळं खातं वहिनीकडे. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा काचताई नऊ वर्षांची होती आणि आई नुकतीच गेलेली. तेव्हापासून तिची वेणी घालण्यापासून तिला शिकायला पाठवण्यापर्यंत सगळं वहिनीने केलं. चिडवायची असली की 'वन्सं' म्हणायची, एरवी नुसतं 'अगं'.

मागच्या थंडीपासून वहिनीचं तोंड सकाळी सुजायचं आणि संध्याकाळी पाय. हाडं दुखायची. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मूत्रपिंडं कमजोर झाली आहेत असं सांगितलं. गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं, आणि भरपूर पाणी प्या म्हणाले. झालं, काचताईने ते मनावर घेतलं. संस्थेतून तिने रेघा आखलेलं एक मोठं काचेचं भांडं आणलं. रोज सकाळी नळाखाली भरायचं, संध्याकाळपर्यंत रिकामं झालंच पाहिजे. संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढायच्या आधी ती त्या भांड्यातल्या पाण्याची रेघ बघायची. वहिनी म्हणायची, तुझ्या उंदरांचे हाल मला आता कळले. पण प्यायची. नणंद एवढी शिकलेली, तिचं ऐकायचं नाही तर कोणाचं.

जुलै महिन्यात एका सभासदाची बदली झाली आणि त्याचा नवा पत्ता कुठेच सापडेना. तो त्याच्या परत पाठवलेल्या गोषवाऱ्यावर असेल, म्हणून काचताईने ती फाइल काढली. ही फाइल ती सहसा उघडत नसे. कागद आत सरकवायचा आणि कुलूप लावायचं, एवढाच तिचा त्या फाइलशी संबंध. त्या दिवशी मात्र ती पानं उलटत गेली. मंडळाच्या पहिल्या वीस वर्षांत कंट्रोल बिघडला म्हणून परत गेलेले गोषवारे होते चार. गेल्या दोन वर्षांत सात.

तिला आधी वाटलं, नव्या पिढीला काम नको. मग तिने नावं वाचली. सातांतले पाच जुनेजाणते होते. एकाचं काम तर ती शिकाऊ मुलांना नमुना म्हणून दाखवायची. कोणी कीटकनाशक दिलं होतं, कोणी रंग, कोणी नुसती एक वेदनाशामक गोळी. पण सातही जणांच्या साध्या उंदरांत एकच दुखणं होतं, मूत्रपिंडाच्या नळ्या. तिने एका कोऱ्या कागदावर नदीची रेघ ओढली आणि सातांची गावं मांडली. सगळी काठावरची. तिची स्वतःची संस्था, ती आठवी. डोंगराकडच्या तीन प्रयोगशाळांत झऱ्याचं पाणी यायचं. त्यांचं एकही नाव फाइलमध्ये नव्हतं.

औषधं सात होती. अन्न वेगवेगळ्या दुकानांतलं होतं. पाणी एका नदीचं होतं, आणि ते एकाच ठिकाणाहून उचलून सगळ्या गावांना नळाने जात होतं. पेन्सिल तिच्या हातातच राहिली. साधे उंदीर आजारी पडत होते ते साध्या पाण्याने. ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रत्येकाने ते आपलं पाप समजून बादलीत फोडलं होतं, आणि प्रत्येकाला तसं समजायला सांगणारं पत्र तिने टाइप केलं होतं.

ती त्या दिवशी दुपारीच घरी गेली. वहिनी खिडकीपाशी बसून घोट घोट पाणी पीत होती. भांडं जवळजवळ रिकामं झालं होतं, आणि ते नणंदेला दाखवून वहिनी शाबासकीची वाट बघत होती. काचताईने भांडं तिच्या हातातून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ती एक दिवसाआड सकाळी बसने डोंगराकडे जाऊन दोन कॅन भरून आणू लागली. कंडक्टर तिला ओळखू लागला, आणि कॅनचं तिकीट काढा म्हणून थट्टा करू लागला. वहिनीने आधी चेष्टा केली, काल तीन लिटर आणि आज एक थेंब नको म्हणजे काय. मग काचताईने तिला सगळं सांगितलं. चार दिवसांनी काचताईच्या लक्षात आलं की कॅन फार लवकर संपतात. शेजारच्या सुनेला सहावा महिना होता. वहिनी अर्धं पाणी तिला देत होती.

"माझ्यासाठी आणतेस, बरं वाटतं, खोटं कशाला बोलू," वहिनी म्हणाली. "पण नळाला अख्खी गल्ली उभी आहे. त्यांना काय सांगतेस?"

"अजून काही सिद्ध नाही, वहिनी."

"मग कर सिद्ध. नाहीतर इतकी वर्षं उंदीर कशाला मारलेस?"

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत काचताई दोनदा गेली. तिथला अधिकारी माणूस सभ्य होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, तक्ते दाखवले. पाण्यात जंतू नव्हते, आणि ते जंतूंसाठीच तपासत. काचताईला संशय होता तो पाण्यात विरघळलेल्या धातूंचा. ते मोजायचं यंत्र त्या काळी एका सरकारी प्रयोगशाळेत होतं आणि तिथे नमुना पाठवायला कारण लागे. एकट्या बाईंचं म्हणणं हे कारण होत नाही, तो म्हणाला, पण तुमच्या मंडळाने ठराव करून पत्र दिलं तर नमुना मी स्वतः घेऊन जाईन. तो खरं बोलत होता असं काचताईला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

ती सरांकडे गेली. आधी फेब्रुवारीतलं खोटं कबूल केलं, मग नदीची रेघ ओढलेला कागद पुढे ठेवला. सरांनी तो बराच वेळ पाहिला. त्यांचा चेहरा उतरलेला तिला दिसला. पण सर ते सरच. सात चुका जोडून शोध होत नाही, ते म्हणाले. काचा कुठे आहेत? काचा फुटल्या होत्या, सरांच्याच नियमाप्रमाणे. त्यावर ते उठून खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे बोलले.

"तीन प्रयोगशाळांची माणसं उभी राहू देत. काचा असल्या तर उत्तम, नसल्या तर नुसता शब्द चालेल. पण बैठकीत, सगळ्यांसमोर. त्याच मिनिटाला मी ठरावावर सही करतो."

"नावं मी सांगू?"

"तू नाही सांगायची. तू कार्यवाह आहेस. ज्याची लाज त्यानेच उघडायची."

मग काचताईने आयुष्यात न केलेली गोष्ट केली. सप्टेंबरच्या परिपत्रकाचं चौथं पान टाइप करताना, ऑक्टोबरच्या बैठकीच्या तारखेखाली, कोणालाही न विचारता तिने एक ओळ घातली: 'बिघडलेले कंट्रोल गट: चर्चा. सभासदांनी आपापल्या काचा आणाव्यात.' बेचाळीस पाकिटं गेली. सरांनी ती ओळ वाचली, तिच्याकडे बघितलं, आणि छापलं आहेस तर होऊ दे, एवढंच म्हणाले.

सातही जणांना तिने वेगळी पत्रं लिहिली. पाच जणांनी उत्तरच दिलं नाही. सहावी थेट येऊन उभी राहिली. ती खालच्या गावच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतली मुलगी. मंडळात येऊन तीन वर्षं झाली तरी तिला सगळे 'नवी'च म्हणत. तिने एक लाकडी पेटी टेबलावर ठेवली. आत काचा होत्या, सगळ्या शाबूत. नियम माहीत होता, ती ओशाळून म्हणाली, पण फोडायला हातच होईना, इतके छान काप तिला पहिल्यांदाच जमले होते. काचताई त्या दिवशी कित्येक महिन्यांनी हसली.

सातवा खडू. काचताईचा वर्गमित्र. कॉलेजात टेबलावर खडूने सूत्रं लिहायचा आणि बाहीने पुसायचा, म्हणून खडू. आता नदीच्या खालच्या अंगाच्या एका संस्थेत प्राणिघराचा प्रमुख होता. त्याने पत्रात लिहिलं, बाईसाहेब, तुमची काहीतरी गल्लत होते आहे, आमचे उंदीर तर आमच्यापेक्षा जास्त जगतात. काचताई पत्र घेऊन त्याच्याकडे गेली. त्याने तिला सगळं प्राणिघर फिरून दाखवलं, जुन्या मास्तरांच्या नकला केल्या, आणि बसथांब्यापर्यंत सोडायला आला तेव्हा कुठे खरं बोलला. त्याची संस्था प्राणिघर बंद करायला निमित्तच शोधत होती. बिघडलेला कंट्रोल म्हणजे ते निमित्त. हाताखाली तीन माणसं होती, तिघांची घरं होती.

"नळाला माझी वहिनी आहे, खडू," काचताई म्हणाली. "तुझीही माणसं आहेत."

तो थांब्यावरच्या पाटीकडे बघत राहिला. बस येताना दिसली तेव्हा म्हणाला, "तू म्हणतेस तर राहीन उभा."

नवी, काचताई आणि खडू. तीन झाले. घरी जाऊन तिने वहिनीला तीन बोटं दाखवली. वहिनी तेव्हा बहुतेक अंथरुणावरच असे. बैठकीच्या सकाळी मात्र ती उठली, भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली आणि नणंदेचा डबा भरला. तसा तिने तो वर्षभरात भरला नव्हता.

बैठक एका शिक्षण महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात होती. एकतीस जण आले. पडदे ओढले, भिंतीवर पांढरं कापड लावलं, आणि नवीने आपल्या काचांची चित्रं त्यावर दाखवली. तिचा आवाज आधी कापत होता, मग सरळ झाला. काम इतकं नीट होतं की ते गलथान माणसाचं नाही हे कोणालाही दिसावं. काचताई समोरच्या टेबलापाशी इतिवृत्त लिहायला बसली होती. वहीखाली फाइल होती. खडूचा गोषवारा वरून चौथा, त्याच्याच तिरक्या अक्षरातला, खाली सही. ती फाइल का आणली, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सरांनी काचताईने लिहून दिलेलं सगळं सभेला समजावून सांगितलं, नदीसकट. नावं सोडून. मग ते म्हणाले, ज्या कोणाला आपल्या साध्या उंदरांत असंच आढळलं असेल, त्यांनी उभं राहावं.

नवी उभीच होती. काचताईने खुर्ची मागे सारली आणि उठली. वर्गात कुजबूज पसरली. बिघडलेल्या कंट्रोलचे गोषवारे परत धाडणारी तीच बाई. मागून कोणीतरी म्हणालं, म्हणजे बाईंच्याही हातून चुकतं तर, आणि थोडं हसू झालं. हसणाऱ्यांत वाईट भाव नव्हता. त्यातल्या दोघांचे कागद त्या क्षणी तिच्या तळहाताखाली होते.

"दोन," सर म्हणाले. "आणखी?"

खडू तिसऱ्या रांगेत होता. त्याच्या शेजारी त्याच्या संस्थेचे संचालक बसले होते. मंडळाच्या बैठकीला ते कधी येत नसत. चौथ्या पानावरची ती ओळ वाचून ते आले होते. काचताईच्याच ओळीने त्यांना आणलं होतं. खडू पेनचं टोपण काढत होता आणि लावत होता.

"आणखी कोणी?"

काचताई त्याच्याकडे बघत होती. तो पडद्याकडे बघत होता. तिला फाइल उघडायची होती. उघडायची, चौथा कागद उचलायचा, वर धरायचा. काही बोलायचीही गरज नव्हती. तिचा हात कागदावर होता आणि कागदाची कड तिला बोटाला लागत होती. इतकी वर्षं या माणसांनी तिच्यावर विश्वासून आपली लाज तिच्याकडे ठेवायला दिली होती. तिने तिसऱ्या हाकेची वाट पाहिली. तिसऱ्या हाकेला तो उठेल असं तिने धरून ठेवलं.

सरांनी तिसऱ्यांदा विचारलं. खडू खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधू लागला.

दोन, असं सरांनी सांगितलं, आणि काचताईने आपल्या हाताने इतिवृत्तात लिहिलं: 'दोन सभासद उभे राहिले. ठराव मांडण्यात आला नाही. सभासदांनी आपापली कामे पुन्हा करून वसंताच्या बैठकीत माहिती द्यावी.' पुन्हा काम करायचं म्हणजे दीड वर्ष, हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

जिन्यात खडू तिच्यासाठी थांबला होता. मला काही बोलू नकोस, असं तो म्हणाला. ती तशीच वळून वर्गात परत गेली. सर सगळे गेल्यावर खुर्चीतच बसून होते. एकाएकी म्हातारे दिसत होते.

"फाइल तुझ्या हाताखाली होती," ते म्हणाले.

"तुम्हीच म्हणाला होतात, ज्याची लाज त्यानेच उघडायची."

"म्हणालो होतो." त्यांनी चष्मा काढला. "मला वाटलं, तू ऐकणार नाहीस."

घरी वहिनी जागी होती. दादा तिच्या पायांशी बसला होता. वहिनीने किती म्हणून विचारलं आणि काचताईने दोन म्हणून सांगितलं. मग फाइलचंही सांगितलं, कारण वहिनीपासून तिने कधी काही लपवलं नव्हतं. 

"माझ्यासाठी एवढ्या लांबून पाणी वाहिलंस," वहिनी म्हणाली. "एक कागद नाही उचललास."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर काचताईला बरं वाटलं असतं. पुढे हा विषय वहिनीने कधी काढला नाही, आणि कॅनमधलं पाणी ती पीत राहिली, आणि शेजारी देत राहिली.

वसंताच्या बैठकीत कोणीही माहिती दिली नाही.

वहिनी त्र्याहत्तरच्या मे महिन्यात गेली. शेवटचे चार महिने रुग्णालयात, नवीच्याच प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर होती. शेजारच्या सुनेला मुलगी झाली. ते लोक वर्षभराने घर सोडून दुसऱ्या शहरात गेले, आणि ती मुलगी कशी आहे हे विचारण्याचा धीर काचताईला झाला नाही.

सर चौऱ्याहत्तर साली निवृत्त झाले आणि त्याच वर्षी वारले. त्यांच्यावरचा मृत्युलेख काचताईने लिहिला. त्यात मंडळाच्या शिस्तीबद्दल एक वाक्य होतं, ते तिने तीनदा खोडलं आणि शेवटी राहू दिलं. त्यांच्यामागे खडू अध्यक्ष झाला, सहा वर्षं होता, चांगला अध्यक्ष होता असं सगळे म्हणतात. त्याचं प्राणिघर तरीही अठ्ठ्याहत्तर साली बंद झालं. पुढे तो मुलाकडे परदेशी गेला. नव्या वर्षाला त्याचं कार्ड यायचं, त्यावर नुसती सही असायची. नवीने त्या बैठकीनंतर वर्षभरात संशोधन सोडलं आणि एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. ती अजून कधीतरी काचताईला भेटायला येते, तिच्याबरोबर तिची नातवंडं असतात.

पाणीपुरवठ्याच्या त्या सभ्य अधिकाऱ्याची बदली झाली. नळाचं पाणी त्र्याऐंशी साली डोंगरातल्या धरणातून येऊ लागलं. नदीला उन्हाळ्यात पाणी पुरेना म्हणून तो बदल केला. नदीच्या त्या पाण्यात काय होतं, हे तपासायला कोणी नमुना नेला नाही, आणि आता ते कळायचा मार्ग नाही.

दादा अठ्ठ्याऐंशी वर्षं जगला. बहिणीला त्याने कधी एका शब्दाने दुखवलं नाही, आणि वहिनी गेल्यावर तिच्याशी कामापलीकडे कधी बोललाही नाही. काचताई त्या बैठकीनंतर आणखी सोळा वर्षं कार्यवाह होती. त्या सोळा वर्षांत कंट्रोल बिघडला म्हणून तिने एकही गोषवारा परत पाठवला नाही. जो येईल तो ती चौथ्या पानावर घालायची, नावानिशी, आणि बैठकीत वाचायला लावायची. लोक कुरकुरले, काही मंडळ सोडून गेले. पण तोवर नदीकाठचे बिघडलेले गोषवारे यायचेच बंद झाले होते. साधे उंदीर बिघडत नव्हते की लोक पाठवत नव्हते, हे तिला कधीच कळलं नाही.